वीस मिनिटांचा चिखल

शुक्रवार

डोंगरातल्या शर्यतीचा बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायच्या रांगेत उभा राहिलो तेव्हा पाऊस सलग चौथ्या दिवशी पडत होता आणि रांगेत एकच विषय चालला होता, बुटांचे सोल. माझ्या पुढचा गडी एका पायावर तोल सांभाळत मागच्यांना आपल्या सोलचे खिळे दाखवत होता. खिळे रबराचेच, पण चांगले सहा मिलिमीटर उंच आणि एकमेकांपासून ऐसपैस. चिखलाला असंच सोल लागतं. उंच खिळा आत रुततो, आणि दोन खिळ्यांमध्ये मोकळी जागा असली की चिखल तिथे न अडकता झटकला जातो. माझे बूट नवे होते तेव्हा त्यांचे खिळे पाच मिलिमीटरचे होते. आता टाचेकडे किती उरलेत ते मी मुद्दामच बघितलं नव्हतं. 'पायाला बसलेत, नव्या बुटांनी फोड येतील' असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं कारण चिक्कूपणा.

पुढच्या टेबलावर सामानाची तपासणी. स्वयंसेवकाने बॅग उलटी करायला लावली. हेडलॅम्प, जादा बॅटरी, शिट्टी, चंदेरी फॉइलची चादर, शिवणींवर टेप मारलेलं पावसाळी जॅकेट, चिकट बँडेज, लिटरभर पाणी मावेल एवढ्या बाटल्या, चार्ज केलेला फोन. एकाच्या शिट्टीतून आवाज निघेना, तर त्याला परत पाठवलं. मागे कुणीतरी पुटपुटलं, 'शाळा आहे का ही?' मला तसं वाटलं नाही. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारठा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला आणि २१ धावपटू गेले. तयारीची माणसं होती ती. धावत असतो तोवर अंग भट्टीसारखं तापलेलं असतं, पण ओल्या कपड्यांत पाय मुरगळून बसलात की दहा मिनिटांत दात वाजायला लागतात. फॉइलची चादर त्या दहा मिनिटांसाठी असते.

आता हिशेब. शर्यत ८० किलोमीटरची, म्हणजे ४० किलोमीटरची एकच वाट दोनदा. एका फेरीत १,९०० मीटर चढ, तेवढाच उतार. मुदत २२ तास. मी खोलीवर कागद-पेन घेऊन नेस्मिथचा नियम लावला. विल्यम नेस्मिथ हा स्कॉटिश गिर्यारोहक, त्याने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा डोंगरात जाणारे अजून वापरतात. साधारण पाच किलोमीटरला एक तास, आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. ८० किलोमीटरचे १६ तास, ३,८०० मीटरचे सहा तास वीस मिनिटं. एकूण २२ तास २० मिनिटं.

म्हणजे नेस्मिथसाहेबांच्या मते मी वीस मिनिटांनी बाद.

अर्थात तो हिशेब चालणाऱ्याचा, आणि मी धावणार होतो. निदान उतारावर तरी. वीस मिनिटं कुठेही निघतील, असं म्हणून दिवा मालवला.

एक राहिलं. संध्याकाळच्या सूचनांमध्ये मार्ग आखणाऱ्या बाई म्हणाल्या, "तिसऱ्या ओढ्यापलीकडची उतरण आज सकाळी आम्ही बसून उतरलो. तुम्हीही बसून उतरा, लाजू नका." सगळे हसले. मीही.

शनिवार, पहिली फेरी

सकाळी सहाला सुटलो. दीडशेच्या आसपास माणसं असावीत. पहिला दीड किलोमीटर रुंद कच्चा रस्ता, मग झाडीत शिरणारी पायवाट, आणि पायवाटेच्या तोंडाशीच पहिलं डबकं. रांग थबकली. जो तो कडेच्या गवतावरून, फांद्या धरत, पाय कोरडा ठेवायची धडपड करत पलीकडे जात होता. चार दिवस पाऊस कोसळलेला, पुढे ७८ किलोमीटर चिखल, आणि आम्ही मोजे वाचवत होतो.

तेवढ्यात रांगेच्या बाजूने एक बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, दोन्ही हातांत पोल्स म्हणजे टेकायच्या काठ्या, बिब २१४. सरळ डबक्याच्या मधोमध शिरल्या आणि घोटाभर पाण्यातून चार पावलांत पार. जाता जाता म्हणाल्या, "मधून या हो. कडेला काय ठेवलंय?"

कडेला खरंच काही नसतं. वाहतं पाणी वाटेच्या मध्यावरची मऊ माती धुऊन नेतं आणि खाली बहुतेकदा कडक बूड लागतं. कडेची माती भुसभुशीत, वर गवत, आणि ती उताराकडे कललेली. तिथे पाय ठेवला की तो आपसूक डबक्यातच येतो, फक्त आडवा. शिवाय सगळे कडेने गेले की वाट रुंदावते, झाडांची मुळं उघडी पडतात. हे सगळं मला माहीत होतं. लोकांना सांगितलंही आहे. तरी बाराव्या किलोमीटरपर्यंत मी कडेनेच जात राहिलो. कोरड्या पायाचा मोह वाईट.

सतराव्या किलोमीटरला बूट गेला.

एका पठारावर गुरांनी तुडवलेला पट्टा होता. डावा पाय नडगीपर्यंत आत गेला, मी जोर लावून उपसला आणि पाय बाहेर आला. पाय म्हणजे फक्त मोजा. तो मोजा हवेत धरून मी बगळ्यासारखा उभा, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते भोक हळूहळू मिटत चाललेलं. मग दोन्ही पोल्स रोवले, गुडघ्यावर बसलो, कोपरापर्यंत हात घातला. आत गार, दाट, गुळगुळीत. बोटांना आधी दगड लागला, मग मूळ, मग लेस. बूट वर आला तो घागरीसारखा भरलेला. उलटा करून ठोकला, बोटांनी आत खरवडलं, आणि थरथरत्या हातांनी ती चिखलाने सुतळीएवढी जाड झालेली लेस सोडून पुन्हा बांधली. सहा मिनिटं.

चिखल पाय 'खेचून' घेतो असं वाटतं, पण खेचत काही नाही. पाय झटक्याने उचलला की सोलखाली पोकळी होते, ओल्या मातीतून तिथे हवा शिरत नाही आणि वरच्या हवेचा दाब बूट तसाच धरून ठेवतो. उपाय म्हणजे ओढायचं नाही. टाच जरा फिरवायची, बाजूने हवेला फट मिळू द्यायची. 'पचक' असा आवाज आला की बूट सुटला. त्यानंतर दिवसभर मी त्या आवाजाच्या तालावर चाललो.

उतारांवर वीस मिनिटं कमवायचा बेत दहाच्या सुमारास संपला. निसरड्या उतारावर भीतीने माणूस मागे रेलतो. मागे रेलला की वजन टाचेवर येतं आणि टाच सुटते, म्हणजे पडायच्या भीतीनेच पडतो. खरं तर गुडघे सैल सोडून अंग पावलांच्या वरच ठेवायचं, पावलं छोटी आणि भराभर टाकायची. कोरड्या वाटेवर हे मला छान जमतं. इथे टाचेकडचे खिळे झिजलेले असल्याने पाय टेकला की पुढे सरके, सरकला की मी मागे रेले, आणि पुढचं सांगायला नको. तिसऱ्या ओढ्यापलीकडच्या उतरणीवर मी काल हसलो होतो, तिथे मुकाट्याने बसलो.

दुपारी दीडला पाऊस थांबला. ढग फाटले, ऊन पडलं, वारा सुटला. चेकपॉइंटवर टाळ्या. कुणीतरी जॅकेट काढून हवेत फिरवलं. मीही खूश. शेजारी २१४ क्रमांकाच्या ताई उकडलेला बटाटा मिठात बुडवून खात होत्या. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "आता खरा त्रास सुरू."

मला वाटलं, बाई जरा निराशावादी आहेत.

फेरी पुरी झाली तेव्हा दुपारचे ३ वाजून ५२ मिनिटं झाली होती. तिथली मुदत साडेचारची. हाताशी ३८ मिनिटं, आणि समोर खुर्ची.

ज्या शर्यतीत फेरी संपते तिथेच सुरुवातीची जागा असते, तिची खोड अशी की तिथे सगळं असतं. कोरडे कपडे, सावली, गाड्या, घरी निघालेली माणसं. मी बूट-मोजे काढले. तळवे पांढरेफटक, सुरकुतलेले, रात्रभर पाण्यात भिजत टाकल्यासारखे. अशी कातडी भिजून मऊ झाली की घडीवर घडी पडते आणि घडीवरच फोड येतो. पहिल्या महायुद्धात खंदकांत दिवसेंदिवस ओल्यात उभ्या राहिलेल्या सैनिकांचे पाय सडले, त्या आजाराला नावच खंदकावरून पडलं. आपलं त्यापुढे काहीच नाही, पण जात तीच. पुसले, वारा लागू दिला, जाड मलम चोपडलं, कोरडे मोजे चढवले. हे सगळं गरजेचं होतं आणि त्याला बारा मिनिटं लागली. उरलेली सतरा मिनिटं मी खुर्चीत नुसता बसून होतो, हातात सूपचा कप, नजर कुठेतरी. ४ वाजून २१ मिनिटांनी उठलो.

शनिवार, दुसरी फेरी आणि रात्र

पहिल्या चढावरच ताईंचं म्हणणं कळलं.

सकाळचा चिखल पातळ होता. पाय त्यात बुडे, बाहेर येई, येताना धुतलाही जाई. आता ऊन-वाऱ्याने पाणी उडालं होतं आणि शेकडो पायांनी माती मळून ठेवली होती. सकाळचं ताक संध्याकाळी कणीक झालं होतं. आल्बर्ट आटरबर्ग नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९११ मध्ये मातीच्या या अवस्थांच्या सीमा ठरवून दिल्या. पाणी एका हद्दीपलीकडे गेलं की माती वाहते. त्या हद्दीखाली ती लवचीक असते, वळून ठेवाल तो आकार धरते. हद्द ओलांडून ती खाली उतरली, की तिला वळवायला कुंभार तरी लागतो किंवा माझे बूट. दहा पावलांत प्रत्येक पायाला ढेकूळ. वीस पावलांत ढेकळाला गवत, पानं, काटक्या. झाडाच्या बुंध्यावर बूट घासायचा, हलकं वाटायचं, पुन्हा दहा पावलं.

बुटाचं वजन १०० ग्रॅमने वाढलं की धावताना लागणारी ऊर्जा सुमारे एक टक्क्याने वाढते, असं प्रयोगांतून दिसलं आहे. ऐकायला किरकोळ. पण पायाशी शंभर ग्रॅम कधी नव्हतेच, त्याच्या दुप्पट-तिप्पट होते, आणि ते रात्रभर होते.

अंधार पडला. थोड्या वेळाने धुकंही उतरलं. कपाळावरच्या हेडलॅम्पचा उजेड धुक्यावर आपटून थेट डोळ्यांत येतो, समोर नुसती पांढरी भिंत. दिवा कपाळावरून काढून कमरेशी धरला की उजेड नजरेच्या रेषेखालून जातो आणि जमिनीच्या उंचसखलपणाला सावल्या फुटतात. खूण म्हणून बांधलेल्या चकाकत्या फिती तेवढ्यापुरत्या दिसत आणि विझत.

५२व्या किलोमीटरच्या आसपास ताई पुन्हा भेटल्या. म्हणजे मागून आल्या. जवळपास दोन तास आम्ही बरोबर चाललो, आणि मला जागं ठेवायला त्यांनी बार्कलीच्या गोष्टी काढल्या. अमेरिकेतल्या टेनेसीतली ती शर्यत. पाच फेऱ्या, ६० तास, धड वाट नाही, आणि जो सोडतो त्याच्यासाठी बिगुल वाजतो.

"२०१७ मध्ये एक जण सहा सेकंद उशिरा आला," त्या म्हणाल्या. "गॅरी रॉबिन्स. धुक्यात वाट चुकला आणि भलत्याच दिशेने शेवटच्या फाटकाशी पोचला."

"सहा सेकंद?"

"सहा. आणि २०२४ मध्ये जास्मिन पॅरिस आली तेव्हा ९९ सेकंद शिल्लक होते. पूर्ण करणारी पहिली बाई."

मी मनात बेरीज-वजाबाकी करत होतो. माझ्या बाजूला किती सेकंद आहेत?

"तुम्ही तासाला काहीतरी खाताय ना?" त्यांनी मधेच विचारलं. खात होतो. पाकिटातलं गोड घट्ट जेल, केळं, पुन्हा जेल. तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत असा बेत होता आणि दहाव्या तासापर्यंत तो पाळलाही. त्यानंतर गोड नुसतं बघितलं तरी तोंड फिरायला लागलं. पाण्याचं मात्र उलटं. गारठ्यात तहान नव्हती, आणि तहान नसताना मी बळंच प्यायलो नाही. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम नको इतकं उतरलेलं निघालं होतं, आणि त्यात मोठा हात होता अतिरेकी पाणी पिण्याचा. बोटं सुजत नाहीयेत ना, हे मी अधूनमधून मूठ वळून बघत होतो.

साठाव्या किलोमीटरला उजव्या अंगठ्याखाली खडा टोचायला लागला. काढायचा तर बसा, लेसवरचा चिखल खरवडा, बूट काढा, घाला. तीन मिनिटं. नाही काढला.

चढावर ताई पुढे सरकायला लागल्या. मांडीत गोळा यायला लागला होता, मी थांबून थांबून चालत होतो. त्यांनी दोनदा मागे वळून बघितलं. "अहो, तुम्ही जा," मी म्हणालो. "वाट बघू नका." त्यांनी मान हलवली आणि गेल्या. त्यांचा दिवा बराच वेळ वर दिसत राहिला.

तिसऱ्या ओढ्यापलीकडच्या उतरणीवर पोचलो तेव्हा तिथे उतरण उरलीच नव्हती. घसरगुंडी होती, मधोमध माणसाच्या बुडाच्या रुंदीची पन्हळ पडलेली. ताई बसूनच गेल्या असणार. मी का कोण जाणे, उभ्याने जायचं ठरवलं. थकल्यावर माणसाला भलत्या जागी स्वाभिमान सुचतो. तिसऱ्या पावलाला दोन्ही पाय सुटले, डावा पोल दोन दगडांत अडकून मधोमध मोडला आणि मी पाठीवर, मग कुशीवर, मग कसाही, खालच्या झुडपात जाऊन थांबलो. हेडलॅम्प वरच कुठेतरी पडलेला, आभाळाकडे उजेड टाकत. तो आणायला चार पायांवर वर चढलो, आणि मग बसून खाली आलो.

७१व्या किलोमीटरच्या चेकपॉइंटची मुदत रात्री दीडची. शेवटचा अर्धा किलोमीटर मी धावलो, खरंच धावलो, खडा टोचत, ढेकळं उडवत. ताडपत्रीखाली दिवा होता. दोन माणसं टेबल आवरत होती.

"एक चौतीस," त्यातला एक घड्याळ बघून म्हणाला. मग जरा थांबून, "सॉरी दादा."

मी वाद घातला नाही. खरं म्हणजे एक वाक्य तोंडाशी आलं होतं, चार मिनिटांनी काय होतंय. पण पुढे नऊ किलोमीटर काळोख, धुकं, एक अख्खा डोंगर, आणि मी डावीकडे झुकून चालत होतो हे त्याला दिसत होतं. त्याने बिबची खालची पट्टी कात्रीने कापून घेतली, अंगावर कांबळं टाकलं आणि हातात गरम पाण्याचा कप दिला.

"दोनशे चौदा गेल्या का?"

त्याने यादीवर बोट फिरवलं. "एक सत्तावीस."

रविवार

बाद झालेल्यांना नेणारी जीप अडीचला आली. आत आम्ही पाच जण, सगळे मातीच्या एकाच रंगाचे. कुणी बोलत नव्हतं. मी चार मिनिटं शोधत होतो. सापडली, आणि एकदा नाही, हवी तितक्या वेळा. सतरा मिनिटं खुर्चीत. सहा मिनिटं बुटाच्या भोकात. पाच-सात मिनिटं वर अडकलेला हेडलॅम्प आणायला. बारा किलोमीटरभर डबक्यांच्या कडेने घातलेल्या वळशांची तर मोजदादच नाही. समोरचा मुलगा झोपेतच म्हणाला, "अकरा." त्याचेही कुठेतरी अकरा हरवले होते.

झोपायला गेलो नाही. शेवटच्या कमानीपाशी कांबळं पांघरून उभा राहिलो. चारला घड्याळ बंद होणार होतं. पावणेचारला डोंगराच्या कडेवर एक दिवा दिसला, कमरेच्या उंचीवर धरलेला. पायवाटेच्या शेवटी, कमानीच्या जेमतेम पन्नास मीटर अलीकडे, गाड्यांच्या चाकांनी उकरलेलं मोठं डबकं होतं. कडेने जायला चांगली लाकडी फळी टाकली होती. दिवा फळीपाशी आला, क्षणभरही रेंगाळला नाही, आणि मधूनच आला.

३ वाजून ५१ मिनिटं. त्यानंतर कुणी आलं नाही.

मला बघून त्यांनी आधी बिबकडे नजर टाकली, कापलेली पट्टी बघितली. काही बोलल्या नाहीत. पिशवीतून एक उकडलेला बटाटा काढून माझ्या हातावर ठेवला. गार झाला होता. मीठ नव्हतं. तिथेच उभ्याने खाल्ला.

सोमवार

जिना उलटा उतरलो. चढायला काही होत नाही, उतरताना मात्र मांड्या शरीराचं वजन ताणत-ताणत सावरत असतात, आणि दीड दिवसापूर्वी त्यांनी हेच तासन्‌तास केलेलं असतं. कठडा धरून पाठमोरं उतरलं की निभावतं.

दुपारी बूट काढले. चिखल वाळून खडक झाला होता. आधी तसाच उजवा बूट वजनकाट्यावर ठेवला. ६५५ ग्रॅम. नवा घेतला तेव्हा ३१० होता. मग पट्टी घेऊन टाचेकडचे खिळे मोजले. दीड मिलिमीटर. इतके दिवस टाळलं ते पाहून घेतलं, एवढंच.

दोन्ही बूट एकमेकांवर आपटले, कागदावर ढीग पडला. काटक्या, पानं, एक गवताची चक्क मुळासकट काडी. आतला तळ उचकटून काढला, तर त्याच्याखाली, अंगठ्याच्या जागी, तो खडा. वाटाण्याएवढा, एका बाजूला धारदार. साठ ते एकाहत्तर, अकरा किलोमीटर त्याच्यावर पाय ठेवत आलो होतो. तीन मिनिटं वाचवायला.